लाइटशिपच्या बाजूवरचं नाव जहाजाचं नसतं

अमेरिकन लाइटशिपचा, म्हणजे समुद्रात नांगरून दीपगृहाचं काम करणाऱ्या जहाजाचा, शोध घेताना बाजूवरच्या मोठ्या अक्षरांवर विसंबू नका. ते नाव ठाण्याचं, म्हणजे जहाज नांगरलेलं असायचं त्या जागेचं. जहाज दुसऱ्या ठाण्यावर गेलं की नाव नव्याने रंगवायचे. 'रिलीफ' असेल तर ते बदली जहाज, त्यावरून ओळख पटत नाही. डेलावेअरमधल्या लुइस गावातलं 'ओव्हरफॉल्स' तर त्या ठाण्यावर कधी नव्हतंच! ते १९३८ चं एलव्ही-११८, शेवटचं ठाणं बॉस्टन.

म्हणून आधी एलव्ही क्रमांक, म्हणजे जहाजाचा स्वतःचा क्रमांक, मिळवा. १९३९ मध्ये दीपगृह सेवा तटरक्षक दलाकडे गेली आणि पुढे त्याच जहाजांना डब्ल्यूएएल क्रमांक मिळाले; ११८ चा ५३९. दोन्ही क्रमांकांनी शोधा, नाहीतर नंतरची कागदपत्रं हातून सुटतात. मग अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारातला रेकॉर्ड ग्रुप २६, म्हणजे तटरक्षक दलाच्या कागदपत्रांचा संग्रह, धुंडाळा. जुन्या फोटोंत डोलकाठ्या मोजा, रंगावर जाऊ नका.