टेप लाव, मग बोल

पोरी,

परवा आलतीस ना, स्कूटी चिखलात फसली म्हणून चपला हातात घेऊन, आणि जुन्या दारांच्या थप्पीवर बसून अर्धा तास एकच म्हणत राहिलीस, काका किनवटात आता काय राहिलंय, संपलं गाव. मी काही बोललो नाही. गिऱ्हाईक उभं होतं आणि खरं सांगायचं तर मला राग आलता. रात्री झोप येईना म्हणून हे लिहायलोय. तू हुशार आहेस, मेहनती आहेस वगैरे मी लिहिणार नाही, ते तुलाही माहीतय आणि तुझ्या बापालाही.

मला एवढंच सांग, गाव संपलं हे तू कशानं मोजलंस? टेप लावलास का नजरेनंच?

तू लाकडाच्या घरातली आहेस म्हणून या भाषेत विचारायलोय. ओंडका समोर आला की तुझा आजा काय करायचा ते मी माझ्या डोळ्यानं पाहिलंय. आधी कुऱ्हाडीच्या पाठीनं ठोकायचा, कान देऊन ऐकायचा, मग मधोमध दोरी गुंडाळून गोलाई घ्यायचा, तिचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले १४४. ४८ इंच गोलाई, १० फूट लांबी, म्हणजे १० घनफूट, तोंडी. भूमितीनं काढलं तर त्याच ओंडक्यात पावणेतेराच्या आसपास लाकूड भरतं, पण वरचं पावणेतीन घनफूट सालीत आणि कडेच्या छिलट्यात जाणार हे त्या हिशोबात आधीच धरलेलं असतं. त्याचं शिक्षण चौथी. तू डिप्लोमा करून पुण्यात मॉड्युलर किचन काढतीस, मिलिमीटर इकडंतिकडं झाला तर ड्रॉवर अडकतो म्हणून मलाच सांगतीस, आणि अख्ख्या गावाचं माप नजरेनं देऊन मोकळी?

मी नजरेनं माप घेतलं ते एकदाच. तेव्हा आमची आरा मशीन चालू होती. वनखात्याच्या एका लाकूड डेपोचा लिलाव, पाऊस अंगावर आलता, सोबतचा म्हणला बघायचं काय त्यात, सरळ माल आहे. दोन्हीकडची तोंडं चांगली होती, गाभा मधासारखा. ठोकलं नाही, दोरी लावली नाही, बोली लावली आणि माल उचलला. मशीनवर पहिला नग चढवला, चौथ्या चिरेला पात्यातून भुशाच्या जागी माती उडाली. फांदी मोडलेल्या जागेतून वर्षानुवर्षं पाणी शिरलेलं, मधला सगळा भाग पोकळ, त्यात वाळवीची माती ठासून भरलेली. असे अकरा नग निघाले. वडील काही बोलले नाहीत, हात झटकले आणि जेवायला गेले. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग १२ डिसेंबर १९९६. गोदावर्मन खटल्यातला सुप्रीम कोर्टाचा आदेश. खटला तिकडं निलगिरीतल्या जंगलाचा आणि झोप उडाली आमची. जंगलाच्या मंजूर कार्ययोजनेशिवाय झाडतोड बंद, जंगलातल्या आरा मशिनी केंद्राच्या परवानगीशिवाय बंद. तुला खोटं वाटेल, पण माझी त्या आदेशावर तक्रार नाही. लहानपणी पाहिलेलं जंगल आणि तेव्हा उरलेलं जंगल यात जो फरक होता तो आमच्यासारख्यांच्याच मशिनीखालून गेलता, सगळा काही वनखात्याच्या पासवरचा नव्हता, जाऊ दे. तक्रार माझ्यावरच आहे. मी दोन वर्षं बंद मशीनसमोर खुर्ची टाकून बसलो. आज सुरू होईल, उद्या होईल, रोज बेअरिंगला ग्रीस भरायचो. हिशोबाची वही एकदा उघडली असती तर दोन महिन्यांत कळलं असतं की लायसन आलं तरी धंदा परवडणार नाही. भाऊ हैदराबादला गेला. मी गेलो नाही. लोकांना सांगतो, गावावर जीव होता म्हणून थांबलो. जीव होताच, त्यात खोटं काही नाही. पण नवीन ठिकाणी मला कोण विचारणार ही भीतीही होती, आणि यातलं कोणतं किती हे मी आजपर्यंत काढलं नाही. आता काढून करू काय, थांबलो ते बरंच झालं, वडिलांची शेवटची सहा वर्षं तरी हातात मिळाली.

तुझ्याकडं वेळ आहे, तू काढ.

गाव संपलं म्हणणारे काही आजचे नाहीत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यात होतं, एका रात्रीत नांदेडात आलं, राज्य बदललं, तेव्हाही म्हातारे हेच म्हणायचे म्हणे. रेल्वेची मीटरगेज उखडली तेव्हा मी स्वतः म्हणलो. पलीकडं अभयारण्य झालं तेव्हा सगळे म्हणले. आणि तू नदीचं काढलंस, पैनगंगा फुगली की खालच्या गल्ल्यांत पाणी, कोण राहणार इथं. आमच्या मागच्या भिंतीवर वडिलांनी दर पुराला खिळ्यानं रेघ मारलीय. सगळ्यात वरच्या रेघेच्या दीड फूट वर त्यांनी मशीनचा ओटा घेतलता. एका साली नदी त्या ओट्यावरही चढली. वडिलांनी चिखल काढला, नवी रेघ मारली आणि ओटा अजून वर घेतला. नदीला शिव्या देत बसले नाहीत. माझ्यासारखे खुर्ची टाकूनही बसले नाहीत, हे लिहिताना आत्ता ध्यानात आलं.

लाकडाचं म्हणशील तर मलाही हसू येतं. सागाच्या जंगलाला टेकून असलेलं गाव, आणि लग्नात पोरीला यमुनानगरच्या प्लायचं कपाट, नव्या बंगल्याला घानाच्या सागाचं दार. पण तुझ्या धंद्याच्या दृष्टीनं बघ ना जरा. आपल्या तालुक्यात महिन्याला किती जुनी घरं पाडायलेत, मोजलंस कधी? त्यातून तुळया किती निघतात, खांब किती, कोण नेतो, काय भावानं? माझं घर दहा वर्षं त्याच्यावरच चालू आहे. चुलीच्या धुरानं काळा झालेला खांब घ्यायचा, आधी चुंबक फिरवून खिळे काढायचे नाहीतर रंध्याचं पातं गेलंच, मग एक हात मारायचा. काळं निघतं आणि आतून तो वास येतो, तेलाचा आणि थोडा कातड्याचा. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड आहे, त्याची चौकट पावसाळ्यात फारशी फुगत नाही. घरमालकाची पावती मात्र सांभाळायची, रस्त्यात फॉरेस्टवाल्यानं हात दाखवला तर ती लागती. तुला डिझाइन येतं, तुझ्या बापाला सांधे येतात, मला माल कुठं आहे ते माहीतय. मी काही सुचवत नाहीये. म्हणजे सुचवायलोय, पण टेप लावल्याशिवाय हो म्हणू नकोस.

काका थांब म्हणायलेत असं घरी सांगू नकोस. मी थांबही म्हणत नाही आणि जाही म्हणत नाही. पुण्यालाही टेप लाव की! पगार तू दोनदा सांगितलास, खोलीचं भाडं एकदाही नाही. डबा, पेट्रोल, गावाकडं यायचं तिकीट, आजारपण, सगळं वजा कर आणि खाली काय उरतं तो आकडा मला दाखव. चांगला उरत असेल तर खुशाल जा, मी स्टेशनवर सोडायला येतो, बॅग पण उचलतो.

आणि एक, हे तुझी माय तुला सांगणार नाही. गेल्या महिन्यात तुझ्या बापानं आखलेल्या रेघेच्या बाहेर दोनदा करवत घातली. मी शेजारी होतो. माझ्याकडं बघून हसला आणि म्हणला, लाकूड ओलं आहे. लाकूड ओलं नव्हतं. डोळे तपासायला घेऊन जा त्याला, पुणं-किनवट नंतर ठरव. मी तर म्हणतो या हप्त्यातच ने.

रविवारी ये, दुपारी नको, तीन-चारला, तेव्हा गिऱ्हाईक नसतं. बापाची उधारीची वही घेऊन ये, तो नाही म्हणेल, तरी आण. इस्लापूरकडं एक वाडा पाडायला काढलाय, पाऊस उघडला तर मोजायला जाऊ दोघं. टेप तुझा आण. माझ्या टेपचा पहिला इंच कधीचाच तुटलाय, मी मनात एक वजा करून वाचतो.

तुझा काका