पाण्यात न विरघळणाऱ्या औषधासाठी साधं सायक्लोडेक्स्ट्रिन पुरे, की नॅनोस्पंजच करावा?

तुमचं औषध पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्वचेवर लावायचं जेल करायचंय, आणि गाइड म्हणतात नॅनोस्पंजच कर. सायक्लोडेक्स्ट्रिन म्हणजे साखरेच्या घटकांचं कडं, ज्याच्या पोकळीत औषध बसतं; अशी कडी एकमेकांना जोडून केलेली जाळी म्हणजे नॅनोस्पंज. माझं मत विचाराल तर आधी हायड्रॉक्सिप्रोपिल-बीटा (बीटा सायक्लोडेक्स्ट्रिनचं जास्त विरघळणारं रूप) घ्या. नुसतं बीटा नको, ते स्वतःच 25 अंशांना मिलिलिटरमागे जेमतेम 18 मिलिग्रॅम विरघळतं. पण तुमच्या प्रश्नातल्या एका वाक्यावर मी अडकलो: "सायक्लोडेक्स्ट्रिन जितकं जास्त तितकं चांगलं ना?"

या वाक्यावरून माझं माझ्या वरिष्ठांशी कडाक्याचं वाजलं होतं. आम्हीही त्वचेवरच्याच जेलवर काम करत होतो. औषध गढूळ दिसायचं, म्हणून ते सायक्लोडेक्स्ट्रिन वाढवत गेले. द्रावण काचेसारखं नितळ झालं आणि सगळे खूश. मी फ्रान्झ सेल (पडद्यातून किती औषध पार जातं ते मोजायचं दोन कप्प्यांचं उपकरण) लावून बसलो. वरच्या कप्प्यात औषधाची मात्रा तीच, मध्ये पडदा तोच, तरी खालच्या कप्प्यातून दर तासाला काढलेल्या नमुन्यांत औषध कमी-कमी येत होतं. सायक्लोडेक्स्ट्रिन जितकं जास्त, तितकी रेघ खाली. मी आलेख पुढे ठेवला तर उत्तर मिळालं, "पडदा खराब असेल." पडदा बदलला, रेघ तशीच आली.

कारण साधं आहे. पोकळीत बसलेलं औषध आणि मोकळं औषध यांच्यात सतत देवाणघेवाण चालू असते, आणि त्वचेतून शिरतं ते प्रामुख्याने मोकळं. हजाराच्या वर रेणुभार असलेलं, बाहेरून पाणीप्रिय असलेलं ते कडं सहसा आत जात नाही. त्याचं काम औषध पृष्ठभागापर्यंत आणून सोडायचं. सगळं औषध विरघळल्यावरही तुम्ही कडी ओतत राहिलात, तर रिकाम्या पोकळ्या मोकळं औषधही धरून ठेवतात. पॅराबेनसारखं प्रिझर्वेटिव्हही त्याच पोकळीत जाऊन बसतं, मग जेलला बुरशी धरली की दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

तेव्हा हिगुची आणि कॉनर्स यांची 1965 ची फेज सोल्युबिलिटीची पद्धत आधी करा, म्हणजे सायक्लोडेक्स्ट्रिन वाढवत किती औषध विरघळतं त्याचा (दोन्ही मोलमध्ये) आलेख काढा. रेघ सरळ आली आणि उतार एकपेक्षा कमी असेल, तर उतार भागिले (1 वजा उतार) ही तुमची कॉम्प्लेक्सेशन एफिशियन्सी, म्हणजे औषध बसलेली कडी भागिले रिकामी कडी. ती 0.1 आली तर अकरा कड्यांमागे एकातच औषध. औषधाचा रेणुभार 400 आणि कड्याचा सुमारे 1400 धरला, तर 50 मिलिग्रॅम औषधामागे जवळपास दोन ग्रॅम सायक्लोडेक्स्ट्रिन लागेल. हा हिशेब कागदावर मांडल्याशिवाय बाटली उघडू नका. आणि डीएससी या उष्णता मोजणाऱ्या चाचणीतलं वितळण्याचं शिखर गेलं म्हणजे कॉम्प्लेक्स (औषध पोकळीत बसलेली जोडी) झालाच, असं थीसिसमध्ये लिहू नका. औषध नुसतं अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेलं) झालं तरी ते शिखर जातं. द्रावणात औषध पोकळीत खरंच बसतंय का, हे एनएमआरवर, शक्यतो रोएसीने (कोणते अणू एकमेकांजवळ आहेत ते दाखवणाऱ्या एनएमआरच्या प्रकाराने) बघा.

नॅनोस्पंज वाईट नाही. औषध दिवसेंदिवस हळूहळू सुटायला हवं असेल, किंवा रेणू एका कड्यात मावत नसेल, तर जरूर करा. पण क्रॉसलिंकरचा (कडी जोडणाऱ्या रसायनाचा) उरलेला अंश धुऊन काढणं आणि तो गेल्याचं दाखवणं यातच निम्मा वेळ जातो, हे गाइडना आजच सांगा.

एक राहिलं: मी म्हणतोय ते त्वचा, डोळा, नाक यांना लागू. शिरेतून देताना द्रावण रक्तात एवढं पातळ होतं की बहुतेक औषधं पोकळीतून लगेच सुटतात, म्हणून रेमडेसिविरच्या 100 मिलिग्रॅमच्या कुपीत 3 ग्रॅम सल्फोब्युटिल-ईथर-बीटा (हेही बीटाचंच बदललेलं रूप) चालतं. तिथे काळजी मूत्रपिंडाची, कारण ते तिथूनच बाहेर पडतं.

आणि गाइडनी नितळ द्रावण दाखवून "झालं काम" म्हटलं, तर वाद घालत बसू नका. कमी, पुरेसं आणि जादा अशा तीन प्रमाणांचे फ्रान्झ सेलचे आलेख एकाच कागदावर काढून त्यांच्या टेबलावर ठेवा. मी एकाच प्रमाणाचा आलेख नेला असता, तर पडद्याचीच सबब टिकली असती.