लहानपणीचा बाप्तिस्मा खरा नाही का?

प्रश्न : नमस्कार. मी मूळची नगरची, घर सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं. मी तान्ही असताना चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, नंतर मोठेपणी स्वतः विश्वास कबूल करण्याचा विधी, दृढीकरण, तोही झाला. आता नोकरीसाठी पुण्यात आहे आणि इथे एका स्वतंत्र मंडळीत जाते, तिथली भक्ती मनापासून आवडते. पण तिथले पास्टर म्हणतात तुझा तो बाप्तिस्मा बाप्तिस्माच नाही, विश्वास ठेवल्यावर पाण्यात बुडून घेतलेला तोच खरा, आणि त्याशिवाय तारण, म्हणजे पापातून सुटका, अपुरं. पुढच्या महिन्यात एका शेततळ्यावर बाप्तिस्मे आहेत, माझं नाव लिहून घेतलंय. आईला सांगितलं तर रडायलाच लागली, म्हणते आम्ही तुला देवाच्या हाती दिलं ते काय खोटं होतं? काय करू?

उत्तर : ताई, आधी यादीतलं नाव तूर्तास काढून घ्या. आई रडली म्हणून नाही, तुमचं अजून ठरलेलं नाही म्हणून.

सगळा वाद एकाच गोष्टीवर आहे, बाप्तिस्म्यात काम कोण करतं. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, लुथरन म्हणतात देव करतो, त्या पाण्यातून तो नवा जन्म देतो, मग बाळाला कळत नसलं तरी काय बिघडलं, कृपा कुणाला कळून थोडीच मिळते. तुमच्या आजी-आजोबांच्या मंडळीत, म्हणजे अमेरिकन मराठी मिशनच्या परंपरेत, बाप्तिस्मा ही देवाने आपल्या लोकांशी केलेल्या कराराची खूण मानतात, इस्राएलात आठव्या दिवशी सुंता व्हायची तशी. आणि बाप्तिस्त, ब्रदरन, पेंटेकॉस्टल म्हणतात की आधी विश्वास आणि मग पाणी, कारण ती माणसाने चारचौघांत दिलेली साक्ष आहे, ती आईबाप कशी देणार?

शास्त्र दोघंही उघडतात. प्रेषितांची कृत्ये १६ मध्ये लुदियाच्या आणि तुरुंगाच्या नायकाच्या घरच्या सगळ्यांचा बाप्तिस्मा झाला, पण त्या घरात बाळं होती असंही लिहिलेलं नाही आणि नव्हती असंही नाही. बुडवण्याच्या बाबतीत मात्र तुमच्या पास्टरांची बाजू भक्कम आहे हे मी मान्य करतो, रोमकरांस ६ मधलं ख्रिस्ताबरोबर पुरलं जाणं आणि उठणं डोळ्यांना दिसतं ते बुडवल्यावरच, ऑर्थोडॉक्स लोक तर तान्ह्या बाळालाही तीनदा बुडवतात. पण दिदाखे नावाच्या फार जुन्या ख्रिस्ती पुस्तिकेत वाहतं पाणी घ्या म्हटलंय आणि तेवढं पाणी नसेल तर डोक्यावर तीनदा ओता असंही सांगितलंय. तेव्हा पाणी कमी होतं म्हणून बाप्तिस्मा रद्द, हे मला पटत नाही.

तारण अपुरं म्हणणं तर अजिबातच पटत नाही. येशूच्या शेजारी वधस्तंभावर असलेल्या, ज्याला येशूने सुखलोकाचं वचन दिलं त्या चोराला कुणी पाण्यात नेलं होतं? मार्क १६:१६ चा दुसरा भागही वाचा, दंड आहे तो विश्वास न ठेवणाऱ्याला. नगरच्या माणसाला मुक्तिफौज (साल्व्हेशन आर्मी) काय सांगायची, बूथ हॉस्पिटल तिथलंच, ते लोक बाप्तिस्मा देतच नाहीत. त्यांना ख्रिस्ती नाही म्हणायची माझी तरी छाती नाही.

एक गोष्ट आपल्या मराठी मंडळ्यांत सांगितली जात नाही. ६ फेब्रुवारी १८१२ ला अमेरिकेत सेलमला पाच तरुणांची मिशनरी म्हणून एकत्र दीक्षा झाली. त्यातला अडोनिराम जडसन भारतात येताना जहाजावर बाप्तिस्म्याचा अभ्यास करत बसला, लहानपणीचा बाप्तिस्मा त्याला पुरेसा वाटेना, आणि त्याच वर्षी कलकत्त्यात त्याने आणि बायकोने बुडून बाप्तिस्मा घेतला, पाठोपाठ ल्यूथर राइसनेही. ज्या संस्थेने पाठवलं तिच्याशी संबंध तुटले, पगार गेला, पुढे जडसन ब्रह्मदेशात गेला. त्याच पाचांतले गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट आपल्या मतावर राहिले आणि १८१३ मध्ये मुंबईला पोचले, तुमच्या नगरच्या मंडळीचं मूळ तिथलं. जडसनला कुणी ढकललं नव्हतं, यादी नव्हती, तारीख नव्हती, स्वतः वाचून त्याने किंमत मोजली. मी तुमच्याकडून तेवढंच मागतोय.

आणि १९७० ला नागपुरात सीएनआय झाली तेव्हा बाप्तिस्त आणि ब्रदरनसुद्धा त्यात आले, म्हणून तिच्या घटनेत बालबाप्तिस्मा आणि विश्वासींचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत. पण एकदा झालेला पुन्हा करायचा नाही यावर बहुतेक जुन्या चर्चेस ठाम आहेत, कॅथलिक चर्चही तुमचा नगरचा बाप्तिस्मा धरतं, पाणी आणि पित्या-पुत्र-पवित्र आत्म्याचं नाव होतं ना, झालं.

माझं मत विचाराल तर तुमचा बाप्तिस्मा झालेला आहे. आईवडिलांनी तेव्हा जे वचन दिलं ते तुम्ही दृढीकरणात स्वतःच्या तोंडाने घेतलंत, म्हणजे साक्षही झाली. तरी प्रार्थना करून, वाचून तुमचा विवेक दुसरीकडे गेला तर मी तुम्हाला पापी म्हणणार नाही. फक्त पास्टरांना एक विचारा, मी हा बाप्तिस्मा घेतला नाही तर प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर आणि द्राक्षारसाच्या विधीला, बसू द्याल का? त्यांचं उत्तर ऐकून मग नगरच्या पाळकांशी बोला. आणि घ्यायचं ठरलंच तर आईला आधी समोर बसून सांगा, व्हॉट्सअपवरच्या फोटोतून कळू देऊ नका.