स्टार्टअपच्या संस्थापकाने पुन्हा स्वतः लिहायला घ्यावं का? कमी पैशात मार्केटिंग कसं करावं?

तुमचा प्रश्न मला असा समजला: महापेला तुमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. सुरुवातीला ब्लॉग तुम्ही स्वतः लिहायचात, गुंतवणूक आल्यावर ते काम एजन्सीकडे गेलं. आता पैसा बेताचा उरलाय, मार्केटिंग 'लीन' ठेवायचंय, आणि पुन्हा स्वतः लिहायला बसलं तर ग्राहक येतील का, की त्या वेळेत विक्रीचे फोन केलेले बरे, हे तुम्हाला जाणून घ्यायचंय.

ग्राहक येतील. मात्र लेखाचा विषय तुमच्या डोक्यातून येता कामा नये, ग्राहकाच्या तोंडून आला पाहिजे. आणि म्हणूनच विक्रीचे फोन आणि लेखन ही दोन कामं मला वेगळी वाटत नाहीत.

मी ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये लहान कारखान्यांसाठी जॉबवर्कचा, म्हणजे बाहेरून करून घेतलेल्या कामाचा, हिशोब ठेवणारं सॉफ्टवेअर बनवते. हा धंदा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एखादा गाळेवाला टर्निंग, म्हणजे लेथवरचं कातकाम, स्वतः करतो, पण हीट ट्रीटमेंटला माल एकीकडे आणि प्लेटिंगला (वर धातूचा थर चढवायला) दुसरीकडे पाठवतो. जाताना चलन (मालासोबतचा नोंदीचा कागद), येताना चलन, मध्ये मोजणी, आणि शेवटी या गेल्या-आल्या मालाचा तपशील देणारा जीएसटीचा आयटीसी-०४ फॉर्म. आमचं सॉफ्टवेअर हे सगळं सांभाळतं. सुरुवातीच्या काळात मी नियमित लिहायचे, मग उत्पादन उभं करताना लेखन थांबलं, आणि आता पुन्हा दर आठवड्याला लिहिते. आज आमच्याकडे येणारे बहुतेक नवे ग्राहक एखादा लेख वाचून फोन करतात.

एक उदाहरण जरा सविस्तर सांगते. एका गाळ्यातल्या सुपरवायझरचा फोन आला, "मॅडम, पाचशे नग प्लेटिंगला गेले, चारशे ऐंशी आले. वीस त्याने काळे पाडले. आता चलनावर काय लिहू?" मी त्यांच्या गाळ्यावर गेले. टेबलावर रबर लावलेली तीन चलन बुकं, मध्ये कार्बन पेपर, आणि एका चलनाच्या पाठीवर पेन्सिलीने '२० रिजे.' एवढंच लिहिलेलं. ते वीस नग एका प्लास्टिकच्या क्रेटमध्ये बाजूला ठेवले होते, कारण ते प्लेटिंगवाल्याच्या माथी मारायचे की भंगारात घालायचे हे शेठनी ठरवलं नव्हतं. अकाउंटंटच्या हिशोबात मात्र ते अजून प्लेटिंगवाल्याकडेच होते.

यावर मी लेख लिहिला. मथळा जवळजवळ त्यांचाच: 'प्लेटिंगला गेलेले नग कमी आले तर चलनावर काय लिहायचं?' परतीच्या चलनावर चांगले नग, रिजेक्ट नग आणि वाया गेलेला माल वेगवेगळा दाखवा, आयटीसी-०४ मध्ये वाया गेलेल्या मालासाठी स्वतंत्र रकाना आहे, भंगार जॉबवर्करला परस्पर विकायचं असेल तर तो जीएसटीत नोंदलेला हवा, नसेल तर माल पाठवणाऱ्यानेच कर भरून विकायचं. सोबत एक कोरं आणि एक भरलेलं चलन, नावं झाकून. सॉफ्टवेअरबद्दल शेवटी एक ओळ. तो लेख वाचून आजही फोन येतात, भोसरीहून येतात, सिन्नरहून येतात. फोन करणारा माणूस पहिल्या मिनिटातच स्वतःचा गोंधळ सांगायला लागतो, कारण समोरच्याला चलन म्हणजे काय ते कळतं अशी त्याची खात्री झालेली असते. आमच्या धंद्यात विक्रीचा सगळ्यात अवघड भाग तोच असतो, आणि इथे तो फोन उचलण्याआधीच झालेला असतो.

एजन्सीने तुमच्यासाठी लिहिलेले लेख मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर काही बोलत नाही. पण एजन्सीतला लेखक कितीही चांगला असला तरी तुमच्या ग्राहकाचा फोन त्याने घेतलेला नसतो. त्याच्याकडे कीवर्डची यादी असते. यादीत 'लघुउद्योगांसाठी सर्वोत्तम सॉफ्टवेअर' असतं. काळे पडलेले वीस नग त्या यादीत कधीच येत नाहीत.

'लीन' हा शब्द तुम्ही प्रश्नात वापरलाय. स्टार्टअपवाल्यांच्या बोलण्यात तो 'कमी खर्चाचा' एवढ्याच अर्थाने येतो, पण तो आला कारखान्यातून, टोयोटाच्या उत्पादन पद्धतीतून, आणि तिथला अर्थ मार्केटिंगला जास्त उपयोगी पडतो. ती पद्धत घडवणारे टोयोटाचे ताइइची ओनो यांनी नासाडीचे सात प्रकार सांगितले, आणि त्यात सगळ्यात वाईट मानलं ते गरजेपेक्षा जास्त उत्पादन. मागणी नसताना बनवलेला माल ठेवायला जागा लागते, तो हलवायला माणूस लागतो, त्यातला दोष उशिरा कळतो. म्हणजे एका नासाडीतून बाकीच्या जन्मतात. म्हणून पुढच्या टप्प्याने मागितल्यावरच मागच्या टप्प्याने बनवायचं. कित्येक कारखान्यांत कानबानची, म्हणजे पुढच्या टप्प्याची मागणी मागच्याला कळवणारी, कार्डं यासाठीच लागलेली असतात, आणि तुमचे ग्राहक उत्पादन क्षेत्रातले असतील तर हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल.

आता हेच मार्केटिंगला लावून पाहा. महिन्याला तीस पोस्ट, प्रत्येक सणाचं शुभेच्छापत्र, कोणी न मागितलेलं ई-बुक: हे सगळं गोदामात पडून राहणारं उत्पादन आहे. त्याला डिझायनर लागतो, मंजुरीच्या फेऱ्या लागतात, तुमचा वेळ लागतो. ग्राहकाने विचारलेला प्रश्न ही मागणी. ती आली की लेख बनवा, नाही आली तर त्या आठवड्यात लिहू नका. मला हा नियम फार मोलाचा वाटतो, कारण 'नियमित लिहिलंच पाहिजे' या दडपणाखाली चांगले संस्थापक पोकळ लिहायला लागतात आणि मग कंटाळून सोडून देतात.

मराठी माणसाला हे नवं वाटायचं कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर आला तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती शेतकऱ्यांना वाटायची. नांगराची कितीही स्तुती छापली असती तरी ती भीती गेल्याशिवाय नांगर विकला जाणार नव्हता. पुढे १९२० साली शं. वा. किर्लोस्करांनी किर्लोस्करवाडीहून 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची आणि मालाची माहिती देणारं ते छोटं पत्र वाढत वाढत महाराष्ट्रभर वाचलं जाणारं मासिक झालं, आणि त्याच घरातून १९३० साली 'स्त्री' आणि १९३४ साली 'मनोहर' निघालं. खेड्यातल्या एका कारखान्याने वाचकाला उपयोगी पडेल असं लिहायचं ठरवलं आणि त्यातून केवढं उभं राहिलं, हे आठवलं की मला अजूनही हुरूप येतो.

आता परत सुरुवात कशी करायची ते.

'आम्ही पुन्हा लिहायला लागलोय' अशी घोषणा करू नका, ती ग्राहकाच्या कामाची नाही. आधी जुने लेख उघडा. माझ्या जुन्या लेखांत आयटीसी-०४ दर तिमाहीला भरायचा असं होतं, आणि लिहिलं तेव्हा ते बरोबर होतं. १ ऑक्टोबर २०२१ पासून नियम बदलला: वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर असेल तर सहामाही, नाहीतर वर्षातून एकदा. असा जुना नियम सांगणारा लेख तुमच्या नावावर उभा असेल तर नव्या लेखाआधी तो दुरुस्त करा आणि दुरुस्तीची तारीख वरती लिहा. पानाचा पत्ता बदलू नका. बदलावाच लागला तर जुन्या पत्त्यावरून नव्याकडे कायमचं रीडायरेक्ट लावा, नाहीतर इतक्या वर्षांत त्या पानाने गुगलमध्ये मिळवलेली जागा जाते. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात लवकर फळ यातच मिळतं.

मग गुगल सर्च कन्सोल उघडा. ते फुकट आहे आणि मागच्या १६ महिन्यांत लोक काय शोधून तुमच्या पानापर्यंत आले ते दाखवतं. क्लिकपेक्षा शोधलेले शब्द वाचा. आमच्याकडे मराठी प्रश्न बऱ्याचदा रोमन लिपीत टाइप केलेले दिसतात, आणि त्यातले कित्येक अगदी फोनवरच्या बोलण्यासारखे असतात. एकच प्रश्न फोनवरही येतोय आणि तिथेही दिसतोय, तर पुढचा लेख ठरला. फोनवरचे प्रश्न टिपायला मी साधी वही ठेवते. प्रश्न जसा विचारला तसाच लिहायचा, आपल्या भाषेत सुधारून लिहायचा नाही.

एक बदल मात्र तुमच्या पहिल्या लेखनकाळात नव्हता. २०२४ पासून गुगल शोधाच्या वरतीच यंत्राने बनवलेला सारांश दाखवायला लागलं आहे. 'जॉबवर्क म्हणजे काय' याचं उत्तर वाचकाला तिथेच मिळतं, तो तुमच्या पानावर येत नाही. त्यामुळे व्याख्या सांगणारे लेख मी लिहीतच नाही. भरलेल्या चलनाचा फोटो, डाउनलोड करून वापरता येणारी एक्सेल शीट, तारखांचं गणित करून देणारं छोटं पान, यांना आजही माणसं येतात. जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल वर्षभरात आणि भांडवली वस्तू तीन वर्षांत परत आली नाही, तर ज्या दिवशी पाठवली त्याच दिवशी विकली असं कायदा धरतो, आणि कर व्याजासकट मागे लागतो. डाय, जिग, फिक्स्चर (साचे आणि नग धरून ठेवणारी साधनं) यांना मात्र ही मुदत नाही. हे सगळीकडे वाचायला मिळतं. पण चलनांच्या तारखा टाकल्या की कुठल्या चलनाचं वर्ष कधी भरतंय ते लाल रंगात दाखवणारी शीट अकाउंटंट आपणहून दुसऱ्या अकाउंटंटला पाठवतो. आमची सगळ्यात चांगली जाहिरात तीच ठरली आणि तिला खर्च फक्त बनवायला लागलेल्या वेळाचा आला.

लेख लिहून झाला की तो ज्याने प्रश्न विचारला त्याला आधी पाठवा. नंतर व्हॉट्सअॅपवर. ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच निरोप पोचतो. लोक याला अडचण म्हणतात, मला ती सोय वाटते. यादी आपोआप ओळखीच्या माणसांची राहते. शिवाय रबाळ्याला ठाणे-बेलापूर इंडस्ट्रीज असोसिएशन आहे, इकडे वागळेत ठाणे स्मॉल स्केल इंडस्ट्रीज असोसिएशन आहे. अशा ठिकाणी जाऊन सॉफ्टवेअर दाखवण्यापेक्षा एखाद्या विषयावर बोला. लहान उद्योगाचं बिल लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत चुकतं करायचं, नाहीतर घेणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी आयकरात धरता येत नाही, ही तरतूद आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाली. कुठल्याही गाळेवाल्याला यावर अर्धा तास बोलायचं असतं, आणि तिथून परतताना तुमच्या वहीत पुढच्या लेखांची बेगमी झालेली असते.

पैशाचं गणित साधं ठेवा. समजा तुमची वर्गणी महिन्याला १,२०० रुपये आहे आणि सर्व्हर-सपोर्ट जाऊन ८०० उरतात. जाहिरातीतून एक ग्राहक ८,००० रुपयांना पडत असेल तर तो दहा महिने टिकला तरच खर्च वसूल होतो. हातात सहा महिन्यांचा पैसा असताना हे परवडणारं नाही, मग जाहिरात कितीही 'चालत' असो. लेखनाचंही गणित असंच मांडा आणि स्वतःच्या तासांची किंमत त्यात धरा, ती शून्य धरून फसू नका. प्रत्येक नव्या ग्राहकाला 'आमच्याबद्दल कुठून कळलं?' हे तोंडी विचारा आणि उत्तर लिहून ठेवा. लहान कंपनीला कुठल्याही डॅशबोर्डपेक्षा हे जास्त खरं सांगतं. लेखांना जोर धरायला काही महिने जातात, तोवर फोन आणि भेटी चालूच ठेवायला लागतात. आठवड्यातली एक सकाळ लेखाला आणि बाकी वेळ ग्राहकाला, असं मी वाटून घेतलंय. तुमच्याकडे पगार द्यायला दोनच महिन्यांचा पैसा असेल तर मात्र लेखन थांबवा आणि जुन्या ग्राहकांना वार्षिक वर्गणी आगाऊ मागा.

एजन्सी बंद करण्याआधी एक काम विसरू नका: डोमेन, होस्टिंग, सर्च कन्सोल, गुगल बिझनेस प्रोफाइल आणि जाहिरातीचं खातं, या सगळ्यांची मालकी तुमच्या कंपनीच्या ईमेलवर आहे का ते तपासा. नसेल तर ती बदलून घ्या आणि मगच शेवटचं बिल चुकतं करा.