गोठ्याचं कर्ज आणि तुझी पदवी

पुढे काय शिकावं, असं विचारणारं एका मुलीचं पत्र आलंय. पत्र मोठं आहे. नाव-गाव वगळून त्यातला मुख्य भाग देते.

"मॅडम, मी संगमनेर तालुक्यातली. बारावी सायन्सला आहे, मॅथ्स आणि बायो दोन्ही घेतलंय. आमच्याकडे आधी पाच एचएफ (जास्त दूध देणाऱ्या होल्स्टीन फ्रिजियन जातीच्या) गाई होत्या. २०२३ ला दुधाला ३७ रुपये भाव होता, तेव्हा पप्पांनी बँकेचं १२ लाखांचं पाच वर्षांचं कर्ज काढलं. मुक्त संचार गोठा (गाई न बांधता मोकळ्या ठेवायचा) बांधला, मिल्किंग मशीन घेतलं, गाई १६ केल्या. त्याच दिवाळीपर्यंत भाव २६ वर आला. आता ३० बसतो. हप्ता २५,८०० चा आहे, दोन थकलेत, साडेसात लाख बाकी आहेत. आईची पोत पतसंस्थेत गहाण आहे. पप्पा म्हणतात, तू व्हेटर्नरी कर, घरचाच डॉक्टर होईल. काका म्हणतात, डेअरी टेक्नॉलॉजी कर, मग आपण पनीरचा प्लांट टाकू. आई काहीच बोलत नाही. मला वाटतं, कर्ज फिटेपर्यंत शिक्षण थांबवावं आणि गोठ्यात मदत करावी. मागच्या पानावर महिन्याचा हिशेब लिहिलाय."

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देऊन टाकते. शिक्षण थांबवू नकोस. तुमच्याकडे पगारी गडी नाही, सगळं काम घरचीच माणसं करतात. म्हणजे तू घरी बसलीस तर कुणाचा पगार वाचणार नाही आणि दूधही लिटरभर वाढणार नाही. आईच्या कमरेला थोडा आराम मिळेल, हे खरं. पण त्यासाठी सकाळ-संध्याकाळची धार पुरे, त्याच्यासाठी कॉलेज सोडायचं कारण नाही.

आता तुझ्या मागच्या पानाकडे येते, कारण मला तेच जास्त बोललं. दुधात ११ गाई, भाकड पाच. रोजचं दूध १२० लिटर. ३० रुपयांनी महिन्याचे १,०८,००० रुपये. पशुखाद्य ६४,०००, मका विकत घेऊन केलेला मुरघास (आंबवून साठवलेला चारा) आणि कडबा २४,०००, डॉक्टर-औषधं-कृत्रिम रेतन-मिनरल मिक्स्चर ७,०००, वीज-पेट्रोल २,०००. उरले ११,०००. हप्ता भरायचा २५,८००. (शेणखताच्या ट्रॉल्यांचे पैसे तू लिहिले नाहीस. तेही धर, आणि आईच्या कामाचाही एक रकाना ठेव, भले त्यात शून्य लिहावं लागलं तरी.)

याच हिशेबात भाव ३६ घातला तर उत्पन्न २१,६०० नं वाढतं. हप्ता भरून वर सहा-सात हजार राहतात. पप्पांनी कर्ज काढताना हेच चित्र पाहिलं होतं आणि त्यांना दोष द्यावा असं त्यात काही नाही. एक रुपया भाव हलला की तुमच्या घरात महिन्याला ३,६०० रुपये इकडचे तिकडे होतात. पाच गाई होत्या तेव्हा हा धक्का पचायचा, कारण डोक्यावर हप्ता नव्हता.

भाव का पडला हे तुला माहीत असायला हवं, कारण तुझ्या घरात करिअरचे सगळे सल्ले त्या भावाभोवती फिरताहेत. विकून उरलेल्या दुधाची भुकटी आणि लोणी होतं. भुकटीला गिऱ्हाईक असलं की संकलनासाठी डेअऱ्यांची ओढाताण चालते आणि भाव चढतो. गाईंमधल्या लम्पी त्वचारोगाच्या साथीनंतर दूध कमी पडलं, २०२३ च्या सुरुवातीचा ३७-३८ चा भाव हा त्याच काळातला. पुढे भुकटीचा बाजार बसला, साठे वाढले, आणि त्याच सुमारास तुमच्यासारख्या अनेकांनी वाढवलेल्या गाईंचं दूधही आलं. जुलै २०२३ मध्ये सरकारनं ३.५ फॅट, ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले इतर घन घटक) ३४ रुपये किमान दर जाहीर केला, पण खासगी प्रकल्पांना तो द्यायलाच लावेल असा कायदा पाठीशी नव्हता. जानेवारी २०२४ पासून लिटरमागे ५ रुपये अनुदान आलं, ऑक्टोबरपासून ७ झालं, तेही ठरावीक मुदतीपुरतं आणि ज्यांच्या गाईंच्या कानात बिल्ला होता व नोंद झाली होती त्यांनाच. २०१८ ला आणि कोविडच्या २०२० सालातही भाव असाच कोसळला होता. हे पुन्हा होणार. तू पशुवैद्यक झालीस काय किंवा दुग्धतंत्रज्ञ झालीस काय, भुकटीचा बाजार तुमच्या गोठ्याला विचारून चालत नाही.

म्हणून पप्पांचं म्हणणं मी जरा बाजूला ठेवते. पशुवैद्यकीय पदवी साडेपाच वर्षांची, त्यात शेवटचं वर्ष आंतरवासितेचं (इंटर्नशिपचं). आत्ता 'नीट' परीक्षा देऊन प्रवेश मिळाला तरी हातात पदवी पडेपर्यंत २०३२ उजाडेल. बँकेचं कर्ज २०२८ ला संपायचं आहे. आणि तुझ्या हिशेबातल्या सात हजारांत डॉक्टरांची फी किती आहे? औषधं, रेतमात्रा, मिनरल मिक्स्चर घरात डॉक्टर असला तरी विकतच आणावं लागतं. महिन्याला दोन-अडीच हजार वाचावेत म्हणून साडेपाच वर्षांचं शिक्षण घ्यायचं, हे गणित बसत नाही.

पशुवैद्यक व्हायचं तर ते काम आवडतं म्हणून व्हावं. मुंबईचं परळचं महाविद्यालय १८८६ सालचं. शिवाय शिरवळ, परभणी, उदगीर, नागपूर अशी नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाची महाविद्यालयं आहेत. पुढे लोकसेवा आयोगातून पशुधन विकास अधिकारी, किंवा स्वतःची प्रॅक्टिस. अहिल्यानगर जिल्ह्यात एचएफ गाईंची संख्या पाहता काम कमी पडणार नाही. पण वासरू आडवं आलंय म्हणून रात्री दोनला फोन येतो, खांद्यापर्यंत हात घालून ते वळवावं लागतं, आणि समोर घाबरलेला मालक "मॅडम, जमंल का तुम्हाला?" असं विचारत असतो. तुला हे नको वाटेल असं मी धरून चालत नाही, उलट आवडेलही. पण तुझ्या तीन पानांच्या पत्रात गाईच्या आजाराबद्दल एकच ओळ आहे, सुप्त कासदाहाची (वरून न दिसणाऱ्या कासेच्या आजाराची), आणि तीही अशी की "दोन सडांचं दूध डेअरीत चालत नाही, रोज सात लिटर जातं". तू सड बघताना लिटर मोजलेस. हे मी लक्षात ठेवलं आहे.

काकांच्या पनीरबद्दल. डेअरी टेक्नॉलॉजीचा बी.टेक. चार वर्षांचा, प्रवेश एमएचटी-सीईटीच्या गणित गटातून, महाविद्यालयं वरूड (पुसद) आणि उदगीर इथे. हा अभ्यासक्रम गाईंचा आहे असं समजून पुष्कळ मुलं जातात. प्रत्यक्षात तो पाश्चरायझर, भुकटीचे ड्रायर, शीतकरण आणि गुणवत्ता चाचण्यांचा, म्हणजे बराचसा इंजिनिअरिंगचा आहे. त्यातून प्रकल्पात उत्पादन किंवा गुणवत्ता विभागात नोकरी मिळते. शिफ्ट असतात. मुलींना प्रयोगशाळेत बसवायची सवय काही ठिकाणी अजून आहे, ती मोडणाऱ्याही भरपूर जणी आहेत.

पण त्यासाठी घरी प्लांट? गाईच्या दुधाचं किलोभर पनीर करायला साधारण सात लिटर दूध लागतं. म्हणजे दूध ३० चं धरलं तरी २१० रुपये कच्च्या मालातच गेले. गॅस, वीज, मजुरी, पॅकिंग, अन्नपरवाना अजून पुढेच आहे. तुमच्या १२० लिटरांचं रोज सतरा किलो पनीर होईल आणि ते रोज विकलं जायला हवं. हॉटेलवाले वनस्पती तेलाच्या ॲनालॉग पनीरचा भाव सांगून तुम्हाला खाली ओढतील. काकांना विक्रीची हौस असेल तर त्यांनी आधी वीस लिटर दूध संगमनेरात घरोघरी घालून दाखवावं. त्याला कर्ज लागत नाही. सहा महिने ते टिकलं तर पनीरचं बोलू.

या घरावर आणखी एक कर्ज आत्ता नको. त्याबाबत माझं मत पक्कं आहे.

जुन्या कर्जाचं काय करायचं हे ठरवणं पप्पांचं काम. पण तू हिशेब लिहिला आहेस, तर तो त्यांच्यासमोर ठेवायला मदत करते. तू लिहितेस, चांदी गाय चौदा महिने उलटतेय (रेतन करूनही गाभण राहत नाही) आणि रोज १३० रुपये खाते. सोळापैकी पाच भाकड हे प्रमाण जास्त आहे. गोठा नीट चालला तर दहातल्या आठ गाई दुधात असाव्यात. एवढ्या एका ओळीवरून पप्पांना, डॉक्टरांना आणि रेतन करणाऱ्याला एकत्र बसवता येईल. चांदीला गिऱ्हाईक मिळणं अवघड. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर भाकड जनावर आणि एचएफचा गोऱ्हा दोन्ही घरीच राहतात, आणि कर्ज देताना हा खर्च सहसा कुणी धरत नाही. पुढच्या वेळी लिंगनिश्चित (बहुतेक कालवडीच होतील अशी) रेतमात्रा वापरली तर निदान गोऱ्हे कमी होतील.

विकायची वेळ आली की माणूस आधी सातव्या वेताची काढतो. तिला कोणी विचारत नाही, मग तो बाजारावर चिडून घरी येतो. पैसे मिळतात ते दिवसांवर आलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या वेताच्या गाईचे. लोणी गावच्या जनावरांच्या बाजारात अशा दोन गाई धर पंचाहत्तर हजारांप्रमाणे गेल्या, दीड लाख मुद्दलात भरले, आणि उरलेल्या सहा लाखांची बँकेनं आणखी पाच वर्षांची मुदत करून दिली, तर साडेदहा टक्क्यांनी हप्ता तेरा हजारांच्या आत येतो. वर त्या दोघींचं खाणं वाचतं. महिन्याच्या शिलकीत हप्ता बसायला लागतो. त्यांचं पुढचं दूध जातं, हे नुकसान आहेच, आणि पप्पांना जड जाणार. शाखा किती ऐकेल हेही मॅनेजरवर अवलंबून. पण तिसरा हप्ता थकायच्या आत जायला हवं. नव्वद दिवस उलटले की खातं एनपीए (थकीत कर्ज) ठरतं आणि मग बोलणीची भाषाच बदलते. त्याच फेरीत पशुपालनाच्या किसान क्रेडिट कार्डाची चौकशी करा. दोन लाखांपर्यंत ७ टक्के व्याज, वेळेत फेडलं तर ४ टक्के. खाद्यवाल्याची उधारी आणि पतसंस्थेचं व्याज यापेक्षा नक्कीच महाग असणार.

आणखी एक काम कर. कर्जाच्या फाईलमध्ये प्रकल्प अहवाल असेल, तो वाच. दुधाचा भाव किती धरला होता? गाय वर्षाचे किती दिवस दूध देईल असं लिहिलंय? वासराचं खाणं कुठे दाखवलंय का? असे बरेचसे अहवाल छापील असतात, गावाचं नाव तेवढं बदलतं. ३० च्या भावानं तोच तक्ता पुन्हा करून बघ.

हे तुला आवडलं, रात्री जागून केलंस, तर एका तिसऱ्या वाटेचा विचार कर. तुमच्या घरात तिचं नावही निघालेलं नाही. बी.एस्सी. कृषी चार वर्षांचं. राहुरीचं विद्यापीठ तुमच्या जिल्ह्यातलंच. पुढे कृषी अर्थशास्त्रात पदव्युत्तर, किंवा आणंदची इर्मा (ग्रामीण व्यवस्थापन संस्था), पुण्याची वैकुंठ मेहता सहकार व्यवस्थापन संस्था. सरकारी बँकांच्या कृषी क्षेत्र अधिकारी पदाला कृषी, पशुवैद्यक, दुग्धतंत्रज्ञान अशा सगळ्याच पदव्या चालतात. पप्पांची फाईल ज्या टेबलावरून पुढे गेली, त्या टेबलामागे "भाव ३० झाला तर?" असं विचारणारं माणूस बसलेलं असतं तर गाई सोळाऐवजी नऊ झाल्या असत्या. पत्रावरून मला वाटतं, ते काम तुला जमेल. पण मी तुला पाहिलेलं नाही, त्यामुळे माझ्या वाटण्यावर अर्ज भरू नकोस.

दिवाळीच्या सुट्टीत दोन-तीन दिवस तुमच्या डॉक्टरांच्या गाडीमागे बसून फिर. एक दिवस जवळच्या शीतकरण केंद्रावर टँकर भरताना आणि दुधाच्या चाचण्या होताना बघ. पप्पा बँकेत जातील तेव्हा बरोबर जा. तिन्हीतून कुठे तुला प्रश्न सुचले आणि कुठे घड्याळ बघावंसं वाटलं ते लिहून ठेव. नीटचा फॉर्म भर, सीईटीचे गणित आणि जीवशास्त्र असे दोन्ही गट भर. पसंतीक्रम निकालानंतर ठरवता येतो, राहिलेली परीक्षा मात्र मागाहून देता येत नाही.

आईला एकदा एकटीला गाठून विचार. त्या बोलत नाहीत, पण कुठली गाय विकायची हे बहुधा त्यांनी केव्हाच ठरवलेलं असेल.

फीची काळजी तू केली आहेस तेवढी करू नकोस. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि इतर मागास प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. कृषी आणि पशुसंवर्धन विभागांखालचे अभ्यासक्रमही त्यात येतात. मुख्य अट ही की प्रवेश केंद्रीय फेरीतून हवा, व्यवस्थापन कोट्यातून नको. वसतिगृह आणि मेसचा खर्च राहतो, त्यासाठी पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता योजनेत बसतेस का ते महाडीबीटी या सरकारी संकेतस्थळावर पाहा. उत्पन्नाचा दाखला आणि तुझ्या प्रवर्गाचं प्रमाणपत्र यांसाठी तहसीलला आत्ताच अर्ज कर. जूनमध्ये तिथे रांगा लागतात आणि दरवर्षी काही मुलींचा प्रवेश केवळ त्या कागदांपायी अडतो.