वाचकांचे प्रश्न : पत्त्यांच्या जादूत कॅट आधीच लावलाय, हे कळू कसं द्यायचं नाही?

प्रश्न : चारही एक्के आधीच कॅटच्या वर लावून प्रयोग सुरू करतो. तेवढ्यात समोरून कोणीतरी म्हणतं, 'आधी पिसा की!' तिथेच पंचाईत होते. काय करावं?

उत्तर : कोणी म्हणायच्या आधीच पिसायला लागा. मागणी आल्यावर पिसलं की सगळ्यांचे डोळे हातांवर येतात. गप्पा मारता मारता पिसलं तर कोणी ढुंकूनही बघत नाही.

कॅट डाव्या हातात आडवा धरा. उजव्या हाताने खालचा निम्मा भाग काढून घ्या. एक्के डाव्या हातातल्या गठ्ठ्यावर राहिले. आता उजव्या गठ्ठ्यातला पहिला पत्ता डाव्या अंगठ्याने त्यांच्यावर ओढा, पण तो जेमतेम अर्धा सेंटिमीटर तुमच्या अंगाकडे बाहेर राहू द्या. उरलेले पत्ते त्यावर नेहमीसारखे पिसून टाका. मग उजव्या अंगठ्याने तो बाहेरचा पत्ता किंचित वर रेटा, त्याच्या खालचा सगळा गठ्ठा उचला आणि वर टाका. एक्के परत वर.

बिघडतं ते लयीत. तो पहिला पत्ता जपून ओढला जातो आणि बाकीचे भराभर. स्वतःचं साधं, खरंखुरं पिसणं मोबाइलवर प्रेक्षकाच्या बाजूने चित्रित करा, मग हे पिसणं करा आणि दोन्हींचा वेग जुळेपर्यंत सराव करा. बहुतेकांना साधं पिसणं सावकाश करावं लागतं. दुसरी चूक नीटनेटकेपणाची : बाकीचे पत्ते चापूनचोपून बसले की बाहेरचा पत्ता एकटा पडतो आणि डावीकडे बसलेल्याला दिसतो. पुढचे चार-पाच पत्तेही वेडेवाकडे पडू द्या.

समोरच्याला स्वतःच पिसायचं असेल तर कॅट काढतानाच चार एक्के डबीत राहू द्या. पत्त्याची जाडी साधारण ०.३ मिलिमीटर, म्हणजे चारांची सव्वा मिलिमीटरच्या आसपास; ४८ पत्ते हातात घेणाऱ्याला फरक जाणवत नाही. पिसून झालं की कॅट डबीत सरकवा, एक्क्यांच्या खाली, पाठी एकाच बाजूला. 'यावर हात ठेवा' म्हणून डबी त्याच्याच हाताखाली द्या. कॅट परत डबीत का गेला, हे मग वेगळं सांगावं लागत नाही. सरकवताना कोपरा अडला तर रेटू नका, डबी थोडी तिरकी करा. आणि चार पत्ते असलेली डबी टेबलावर टाकू नका, खुळखुळते. अलगद ठेवा, झाकण तुमच्याकडे.

'बघा हं, हा अगदी साधा कॅट आहे' हे वाक्य मात्र कायमचं विसरा. शंका नसलेल्या माणसाच्या डोक्यात ती तुम्हीच घालता.

प्रश्न : साय स्टेबिन्स या जादूगाराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ठरावीक क्रमाने लावलेला कॅट उघडा दाखवला तर क्रम ओळखू येईल का?

उत्तर : आकड्यांवरून सहसा नाही, रंगांवरून येऊ शकतो. किलवर एक्का, बदाम ४, इस्पिक ७, चौकट १०, किलवर राजा, बदाम ३ असा प्रत्येक पत्ता तीनने पुढे जातो, आणि काळा-लाल-काळा-लाल ही पट्टी ५२ पत्त्यांत कुठेही तुटत नाही. म्हणून टेबलावर लांब पट्टा पसरू नका. हातात दाटीने पसरवा, दोन सेकंद, बोलणं चालू ठेवून, आणि मिटा. पत्त्यांकडे तुम्हीही बघू नका. तुम्ही जिथे बघाल तिथेच प्रेक्षक बघतो.

या क्रमाची खरी सोय कापण्यात आहे. क्रम गोल फिरणारा असल्यामुळे समोरच्याने कितीही वेळा कापलं तरी तो मोडत नाही. दोन-तीन वेळा कापू द्या. बघणाऱ्यांच्या लेखी पत्ते पिसल्यासारखेच होतात. फक्त कापलेला खालचा भाग वर ठेवला जातोय ना, तेवढं बघा. त्याला पिसू दिलं तर सगळं संपलं.

शेवटी तळाचा पत्ता बघायचा, कारण त्यावरून वरचा कळतो. कॅटची कड टेबलावर ठोकून सारखी करताना तळाचा पत्ता तुमच्याकडे वळतो. एकदाच नजर टाका. खात्री करायला दुसऱ्यांदा बघणारे हमखास पकडले जातात.

प्रश्न : कॅटमधली जागा हरवू नये म्हणून पत्त्यांमध्ये करंगळीने धरलेली फट समोरून दिसते.

उत्तर : करंगळीचं अख्खं पेर आत जात असेल. टोकाचं मांस तेवढं पुरे, आणि तेही मागच्या उजव्या कोपऱ्यात. वरून डाव्या अंगठ्याचा हलका दाब ठेवला की पुढची कड मिटलेली राहते. तरी दिसत असेल तर कॅटचं तोंड जरा खाली झुकवा. फट धरून ताटकळूही नका : पाच-सहा सेकंदांनी करंगळी आखडते, पांढरी पडते, आणि तेही दिसतं.