पहिलं बाळ आठव्या महिन्यात झालं, आता काय जपू?

प्रश्न : माझं पहिलं बाळ 33व्या आठवड्यात झालं, कळा आपोआपच सुरू झाल्या होत्या. ते आता दीड वर्षाचं आहे आणि मला पुन्हा 15वा आठवडा चालू आहे. सासूबाई म्हणतात, यंदा बाजेवरून उठायचंच नाही. द्राक्षबागेचं काम बंद करू का?
— एक वाचक, निफाड (जि. नाशिक)

उत्तर : सासूबाईंची काळजी समजते, पण पडून राहिल्याने कळा थांबत नाहीत. उलट पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी होण्याची भीती वाढते. घरातलं नेहमीचं काम करा. बागेत मात्र भरलेले क्रेट उचलणं, दिवसभर उन्हात उभं राहणं आणि फवारलेल्या ओळींत जाणं बंद.

37 आठवडे भरण्याआधीची प्रसूती ती अकाली. आधी एकदा तसं झालेलं असणं, हीच सगळ्यात मोठी धोक्याची खूण. शिवाय दोन खेपांतलं अंतरही तुमचं थोडं कमी पडलं; असो, ते आता बदलत नाही.

गर्भपिशवीचं तोंड वेळेआधी आखूड झालं, तर बाळ लवकर होण्याची भीती असते; ही लांबी मात्र वेळेत मोजता येते. 16 ते 24 आठवड्यांत योनीमार्गे सोनोग्राफी करून घ्या. पोटावरून घेतलेल्या मापावर विसंबू नका. त्यासाठी लघवी तुंबवून ठेवतात आणि भरलेल्या मूत्राशयाच्या दाबाने तोंड आहे त्याहून लांब दिसतं. आतून मोजताना लघवी करूनच आडवं व्हायचं. माप 25 मिमीपेक्षा कमी भरलं, तर रोज रात्री योनीत ठेवायला प्रोजेस्टेरॉनची (गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनची) 200 मिलिग्रॅमची गोळी देतात किंवा तोंडाला टाका घालतात.

लघवीचं कल्चरही सांगून करून घ्या, कारण जळजळ नसतानाही जंतू असू शकतात. मिश्री लावत असाल तर आजच सोडा, तीही तंबाखूच. बीपी, साखर, हिमोग्लोबिन ठरल्या वेळी बघा. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

पोट दगडासारखं घट्ट होऊन सैल पडत असेल, तर डाव्या कुशीवर झोपून तासभर घड्याळ लावा. दर दहा मिनिटांनी होत असेल तर निघा. पाणी गेलं किंवा रक्त दिसलं तर तासभरही थांबू नका, 108ला फोन करा. ‘सकाळी बघू’ नको. 34 आठवड्यांच्या आत बाळाच्या फुप्फुसांसाठी जी स्टेरॉइडची इंजेक्शनं देतात, त्यांचा पुरता गुण यायला साधारण एक दिवस लागतो.